पुढची डावी सीट

आमच्या गल्लीत पाणी भरायचं तर आधी कोरम भरावा लागतो. सात बायका जमल्याशिवाय दिगंबरनाना टाकीचा नळ सोडत नाहीत. सात जमल्या की खुर्चीतून उठतात, घसा साफ करतात आणि विचारतात, "सूचक कोण?"

"मी," कोणीतरी कंटाळून म्हणतं.

"अनुमोदक?"

"ही माझी घागर!" शोभाकाकू ओरडतात. ते अनुमोदन समजलं जातं.

सहाच बायका आल्या तर सभा अर्धा तास तहकूब. नियमानं तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे अर्ध्या तासानं एकटीदुकटी असली तरी पाणी मिळतं. मग ते आधीच का देत नाहीत, हे विचारायची सोय नाही. चावी त्यांच्याकडे आहे.

चावी बंद पडलेल्या दूध संघाची. नाना तिथले सचिव. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि उरलेला संघ संचालक मंडळानं एकमतानं आटवला. मागे राहिली दुधाची मोठी स्टीलची टाकी आणि नाना. टाकीत आता टँकरचं पाणी पडतं. नाना रोज नऊला ऑफिस उघडतात, हजेरीपटावर सही करतात आणि आवक रजिस्टरात लिहितात, "निरंक." म्हणजे आज काही आलं नाही. कालही आलं नव्हतं. पण नोंद नको का?

कित्येक वर्षांच्या निरंकानंतर परवाच्या उन्हाळ्यात एक पत्र आलं. इंग्रजीत.

मी बीड जिल्ह्यातच, पण इंग्रजी माध्यमात शिकले. त्याचा आमच्या घराला झालेला एकमेव फायदा म्हणजे आई मला सांडशीसारखी शेजारी वापरायला देते. मला लोकांशी बोलणं जमत नाही. पत्र वाचायचं होतं, बोलायचं नव्हतं, म्हणून गेले.

पत्र गाडीच्या कंपनीचं होतं. संघाच्या पांढऱ्या मोटारीत पुढच्या डाव्या सीटसमोरच्या एअरबॅगमध्ये दोष आहे. अपघातात ती उघडताना आतला धातूचा डबा फुटून तुकडे अंगात घुसू शकतात. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला आणा, भाग फुकट बदलून देऊ. तोवर त्या सीटवर कोणालाही बसवू नका.

नानांनी ते उभं राहून ऐकलं. मग आवक क्रमांक टाकला. इतक्या वर्षांनी खरी आवक!

"नाना, पण गाडी आहे कुठे?"

गाडी चेअरमनसाहेबांनी संघ बुडायच्या आधीच पाटोद्याच्या मेव्हण्याला दिली होती. सह्या केलेले कोरे फॉर्म हातात ठेवायचे आणि गाडी न्यायची, ही आपली पद्धत. नावावर करून घेण्याची घाई कोणालाच नसते. त्यामुळे कागदोपत्री गाडी अजून मेलेल्या संघाची होती आणि कंपनीनं इमानदारीनं मेलेल्या संघालाच कळवलं होतं.

"मग आपला काय संबंध?" मी म्हटलं.

"त्या सीटवर आज कोण बसत आसंल, पोरी?" नाना म्हणाले. "आवक झाली. आता कारवाई व्हायला पायजे."

नाना स्वतः त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. पुढे डावीकडे चेअरमन, मागे चेअरमनचे पाहुणे, आणि सचिव एसटीनं. तशीच एसटी धरून आम्ही पाटोद्याला गेलो. मला नेलं, कारण पत्र वाचायला माणूस हवं होतं.

मेव्हण्यांचं खतांचं दुकान. त्यांनी पत्राकडे न बघताच निकाल दिला. "फुगाच हाय की! फुटला तर फुटला. आन् गाडी मी कवाच चकलांब्याच्या अंकुशला देऊन टाकली. कावून उन्हात फिरताय, नाना? संघ मेला, तुमी त्याचं पत्र घेऊन हिंडताय."

"मयताचं पत्र वारसाला पोचवावं लागतं," नाना म्हणाले.

मेव्हण्यांनी चहाही विचारला नाही. सहकाराची परंपरा अशी टिकून राहते.

दुसऱ्या दिवशी चकलांबा. अंकुशच्या दारात पांढरी मोटार उभी होती. पुढचं डावं दार उघडं, आणि तो आपल्या म्हाताऱ्या आईच्या काखेत हात घालून तिला त्याच सीटवर बसवत होता. आयुष्यात कधी घाई न केलेले नाना धावले.

"उतरा! आधी खाली उतरा!"

"कोण बे तू?" अंकुश खवळला. "आईचे गुडघे दाखवायला बीडला चाललो, मधीच काय लावलंय?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं. मी पत्र मराठीत सांगितलं. आवाज माझाच होता, पण फार लांबून येत होता.

"इतक्या वर्षांत फुटला न्हाई, आत्ताच फुटतोय व्हय? वर्कशॉपवाले बिल लावतेत."

"फुकट आहे," मी म्हटलं.

"फुकट म्हणलं की लईच लावतेत! आन् गाडी माझ्या नावावर न्हाई. तिथंच ठेवून घेतली मंजी?"

मग मी पत्रावरच्या नंबरला फोन लावला. अंगणात अकरा माणसं आणि एक शेळी, आणि मी इंग्रजीतून चासी नंबर वाचतेय. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब भाषण. पलीकडची बाई म्हणाली, हीच गाडी. नाव कोणाचंही असो, जिच्यात दोष ती गाडी आणा. बुधवारची वेळ मिळाली.

अंकुशला ते इंग्रजी पटलं नाही. पण म्हातारी मघापासून नानांकडे टक लावून बघत होती. "पत्र दूध संघाचं म्हणलात न्हवं? तुमी कोण संघाचे?"

"सचिव. त्याच्या आधी हितंच संकलनाला हुतो. तुमचा सभासद नंबर?"

"एकशे बारा."

नानांनी डोळे मिटले. "म्हैस. डाव्या शिंगाची मोडकी. फॅट साडेसात. पाणी कधी न्हाई."

म्हातारीनं पोराकडे वळून सांगितलं, "ह्या माणसाच्या मशिनीनं माझ्या म्हशीची फॅट कधी खाली न्हेली न्हाई रं. बाकी समद्यांनी न्हेली." आणि कण्हत खाली उतरून स्वतःच मागचं दार उघडलं. "मी मागं बसते. आन् बुधवारी जायचं."

बुधवारी बीडच्या वर्कशॉपमध्ये दोन तासांत काम झालं. बिल खरंच नव्हतं. अंकुशनं ते नसलेलं बिल दोनदा मागून बघितलं. नानांनी त्याला आरटीओची वाट दाखवली, गाडी नावावर करून घ्यायचं वचन घेतलं आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

"ओ शेक्रेटरी," म्हातारी मागच्या सीटवरून म्हणाली, "पुढं बसा की. सीट मोकळीच हाय."

नाना दाराशी उभे राहिले. चपला झटकल्या. मग बसले, पट्टा लावला आणि पत्राची फाइल मांडीवर उभी धरली. गल्ली येईपर्यंत नजर समोर रस्त्यावर. आमच्या नळावरच्या बायकांनी बघितलं, तेव्हा मात्र मान किंचित हलवली. चेअरमन हलवायचे तशी.

त्या दिवशी रजिस्टरात त्यांनी "कारवाई पूर्ण" लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "निरंक."

त्या निरंकाच्या दिवशी मी वेळेच्या बरंच आधी घागर घेऊन गेले. बाकी कोणी नव्हतं. ऑफिसात नानांच्या खुर्चीसमोर आणखी एक खुर्ची होती. ती मी आजवर नीट पाहिली नव्हती. सगळ्या फर्निचरवर धूळ होती. ती एक खुर्ची पुसलेली होती.

"कोरम न्हाई," नाना म्हणाले. "अर्धा तास तहकूब."

मी घागर दाराशी ठेवली आणि त्या खुर्चीवर बसले.

"नाना," मी विचारलं, "एकशे तेरा नंबरची कुणाची म्हैस होती?"

नानांनी चष्मा काढून ठेवला. पाणी त्या दिवशी तासाभरानं सुटलं. शोभाकाकू कधीच्या येऊन उभ्या होत्या, पण ओरडायचं सोडून घागर खाली ठेवून ऐकत होत्या.