पुरावा नसलेला मरवा

निवृत्त झालेला पुरुष घरात दोनच गोष्टी करू शकतो. एक तर झोपतो, नाहीतर सुधारणा करतो. झोपणारा परवडला.

दाखलेसाहेब झोपणाऱ्यांतले नव्हते. (साहेब हे गल्लीनं लावलेलं शेपूट. हुद्दा कारकुनाचाच.) जन्मनोंदणीच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीमागे त्यांनी चौतीस वर्षं काढली. कडेवर किंचाळणारं पोर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला, मान वर न करता, "मूल जन्मल्याचा पुरावा काय?" असं विचारायची त्यांची ख्याती होती. म्हणून लोक त्यांना दाखलेसाहेब म्हणत. त्यांना तो मान वाटे. असतात अशी माणसं, चिखल उडाला तरी नक्षी समजून मिरवणारी.

त्यांची बायको घराच्या परसात रोपवाटिका चालवी. शाळेत चार वर्षं गेलेली, पण मेलेली काडी तिनं मातीत खोचली तर तिला पान फुटायचं. प्रत्येक कुंडीत पत्र्याची एकेक पट्टी, पट्टीवर रंगानं लिहिलेलं झाडाचं नाव. कारभार एवढाच, आणि तो चोख.

सोमवारी सकाळी ती बहिणीकडे निघाली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पायात चपला घालता घालता तिनं नवऱ्याला बजावलं.

"बुधवारी दहाला अंधशाळेच्या मोठ्या बाई येतील. भिंतीलगतच्या साठ कुंड्या त्यांच्या. वीस जाती, प्रत्येकी तीन. वासानं, हातानं ओळखता येतील अशी झाडं हवीत त्यांना, पोरांसाठी. दोन महिने खपलेय मी. तुम्ही फक्त पाणी घाला, हात लावू नका."

"हात न लावता पाणी कसं घालू?"

"झारीला लावा. झाडांना नको. या खेपेला घोळ झाला ना, तर परसाच्या फाटकाला कुलूप घालीन. मग बसा पुढच्या पायरीवर गाड्या मोजत."

ही धमकी पोकळ नव्हती. मागच्या वर्षी त्यांनी गुलाबांना 'शिस्त लावली' होती. गुलाब अजून सावरले नव्हते.

ती गेली. दाखलेसाहेबांनी झारी उचलली आणि पहिल्या कुंडीपाशी थबकले. पट्टीवर लिहिलं होतं, 'लाजाळू'. चौतीस वर्षांची सवय खाजेसारखी उठली. हे नाव ठेवलं कुणी? कधी? कशाच्या आधारावर? त्यांनी झारी खाली ठेवली. (पाणी घालणं त्या दिवशी तिथेच संपलं.) आत जाऊन कोरं रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: नाव, नाव ठेवणारा, कारण, पुरावा, साक्षीदार.

साक्षीदार म्हणून परसात एकच व्यक्ती हजर होती. सासूबाई. लेकीकडे राहणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीत बसून बिया निवडणाऱ्या.

"आई, पेरूला पेरू का म्हणतात?"

"मग काय म्हणू? दाखलेसाहेब म्हणू?"

"कारण हवं. नोंदीसाठी."

"लांबून आला म्हणतात बाबा तो. येताना आपलं नाव घेऊन आला असेल. तुम्ही नाही का आलात आमच्या घरी?"

कारणाच्या रकान्यात 'ऐकीव' अशी नोंद झाली.

"सदाफुली. आज एकही फूल दिसत नाही. मग सदा कशी?"

"तिनं कुठं तुम्हाला लिहून दिलंय?"

"अबोली. झाडं सगळीच अबोल असतात. हिलाच नाव का?"

"जावईबापू, माणसं सगळीच बोलतात, पण बडबड्या एखाद्यालाच म्हणतात. त्यात तुमची गणती कशात, ते तुम्हीच ठरवा."

"घाणेरी. ही तर सरळ बदनामी आहे."

"पान चुरगळून नाकाला लावा. मग तिच्याकडून वकील द्या."

साहेबांनी नाक लावलं नाही. कागदाचं काम वासावर चालत नाही, असं त्यांचं मत. लाजाळूला मात्र त्यांनी बोट लावून पाहिलं. पानं मिटली. "ही भीती झाली," ते म्हणाले, "लाज सिद्ध होत नाही." आणि पट्टी उपटली. पडताळणी होईपर्यंत नाव स्थगित.

मग एकामागून एक साठच्या साठ पट्ट्या उपटल्या. कुंपणाशी खाजकोलती वाढली होती, तिच्यापुढे बायकोनं सावधगिरीची पट्टी रोवलेली. तीही गेली. सगळ्या पट्ट्या त्यांनी धुतल्या, पुसल्या आणि अक्षरांच्या क्रमानं डब्यात लावल्या. मग कुंड्या वेड्यावाकड्या दिसतात म्हणून उंचीप्रमाणे ओळ केली. कोणती पट्टी कोणत्या कुंडीतली, हे लिहून ठेवायचं त्यांना सुचलं नाही. तसा रकानाच नव्हता.

ओळ करताना एक कुंडी हातातून सुटली. तुकडे झाले, त्यातल्या रोपावर घाबरून त्यांचाच पाय पडला. आता उरल्या एकोणसाठ. कारकुनाला चूक सोसते, बेरीज चुकलेली सोसत नाही. त्यांनी दुसरी कुंडी घेतली, कुंपणालगतचं एक तण मुळासकट उपटून तिच्यात दाबलं, वर दोन ओंजळी माती. साठ. सासूबाईंनी बियांवरून मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

मंगळवारी सकाळी साहेब डबा घेऊन परसात आले. वीस तऱ्हांच्या हिरव्या पानांपुढे उभे राहिले, आणि हातातली पहिली पट्टी कुठे खोचायची ते कळेना. तीस वर्षं या झाडांमधून ते अंघोळीचं पाणी तापवायला गेले होते, पण एका झाडाकडे डोळे भरून पाहिलेलं नव्हतं. वाचली होती फक्त पट्टी. सब्जा, पुदिना, दवणा, मरवा, सगळे एकजात हिरवे, एकजात परके. बायको बुधवारी दुपारी येणार, मोठ्या बाई सकाळी. फाटकाचं कुलूप त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागलं.

"आई, जरा सांगता का, हे कोणतं?"

"मला सगळी ठाऊक आहेत."

"मग सांगा ना."

"काय उपयोग? माझ्याकडे पुरावा नाही."

साहेबांनी विनवण्या केल्या. सासूबाई बिया निवडत राहिल्या. कुणाला उभं ठेवून आपलं काम करत राहणं म्हणजे काय, ते आज खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं त्यांना कळलं. शेवटी म्हातारी बोलली.

"ज्यांनी नावं ठेवली ना, त्यांना लिहिता येत नव्हतं. नाक होतं, जीभ होती, हात होते. घाण मारली तिला घाणेरी म्हणाले, आंबट लागली तिला आंबुशी. तुम्हाला देवानं तिन्ही दिलंय. वापरा की एकदा, नवं कोरं पडलंय."

मग दाखलेसाहेब गुडघ्यांवर बसले आणि पानं चुरगळू लागले. पहिल्याच वासानं ओवा आठवला. पान ओवा. पट्टी खोचली. लांब पातीनं बोट कापलं, त्या बोटाला चहाच्या पातेल्याचा वास आला. गवती चहा. एक पान चावलं आणि तोंड असं कडू झालं की आजवर नाकारलेले सगळे अर्ज एकदम आठवले. कडुनिंब. एक गिळगिळीत, जिभेला लाडात येणारं. मायाळू. दुपारपर्यंत ओठ बधिर, नाक लाल, आणि कुंपणाला टेकून उठताना कोपरापर्यंत खाजकोलती लागलेली.

"आई गं, हे काय चावलं?"

"पट्टी होती तिथं," सासूबाई म्हणाल्या. "स्थगित केलीत ना."

खाजवत खाजवत त्यांनी आधी सावधगिरीची पट्टी कुंपणाशी परत रोवली, मग कुंड्यांच्या एकोणसाठ पट्ट्या जागेवर घातल्या. डब्यात एकच उरली, 'मरवा'. ती त्यांनी तणाच्या कुंडीत खोचली. तान्ह्या पोराला पुरावा मागणाऱ्या माणसानं धडधडीत खोटी नोंद केली, आणि पट्टी सरळ आहे ना ते लांबून पाहून घेतलं.

बुधवारी दहाला टेम्पो थांबला. मोठ्या बाई उतरल्या. हातात पांढरी काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. शाळा अंधांची आहे हे साहेबांना माहीत होतं. मोठ्या बाईही अंध असतील, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. मंगळवारभर जीभ जाळून लावलेल्या साठ पट्ट्या वाचणारं कुणी नव्हतंच.

बाई वाकल्या. बोटांनी पानाला शिवत, नाकाशी नेत, ओळीनं निघाल्या. "पान ओवा. दवणा. ही लाजाळू, मिटली बघा. पुदिना, पुदिना, सब्जा." पट्टीला त्यांचा हातही लागत नव्हता. पाव तासात एकोणसाठ कुंड्या टेम्पोत गेल्या. साठाव्या कुंडीपाशी त्या थांबल्या. चुरगळलं, हुंगलं, जिभेला लावलं, परत चुरगळलं.

"हे काय आहे?"

"मरवा," साहेब म्हणाले.

बाईंनी मान तिरकी केली. "तुमचा आवाज ऐकलाय मी. जन्मनोंदणी, तीन नंबरची खिडकी. आमच्या एका मुलीच्या दाखल्यासाठी पाच खेपा घातल्या होत्या तुमच्याकडे."

साहेब कोपर खाजवू लागले.

"याला वास नाही," बाई म्हणाल्या. "चव नाही. हात लावला तरी हलत नाही. आणि मघापासून माझा पदर धरून बसलंय, सोडायचं नाव नाही." तणाच्या बारीक आकड्या बियांनी खरंच पदर धरला होता. "हा मरवा नव्हे. हा कारकून आहे. ठेवून घ्या, मुलांना आधीच पुष्कळ भेटतात."

सासूबाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या, दात नसलेलं, लांबलचक.

दुपारी बायको आली. रिकामी भिंत पाहून तिचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी छाती पुढे काढली. सगळी ऑर्डर आपण एकट्यानं पार पाडली, साठ नगांची, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बायकोनं आईकडे पाहिलं.

"एकोणसाठ गेल्या," आई म्हणाली. "एक मागे राहिली."

"कोणती?"

"कारकून."

बायकोनं तणाकडे पाहिलं, चुरगळून हुंगलं, पदराला चिकटलेल्या बिया सोडवल्या. मग तिनं ब्रश उचलला, एक कोरी पट्टी घेतली, 'कारकून' असं लिहिलं आणि कुंडी सावलीत नेऊन ठेवली.

साहेबांना हे सोसवेना. सुजलेले ओठ सावरत, रजिस्टर काखेत धरून ते पुढे झाले. "हे चालणार नाही. असं कुणीही उठून नाव ठेवायचं? याला पुरावा काय?"

दोघी मायलेकींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आपापल्या कामाला लागल्या.