चौथऱ्यावरचा कमोड

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई आठ दिवस राहायला येणार म्हटल्यावर जावईबापूंनी बाथरूमची जुनी, निसरडी फरशी बदलायला घेतली. गवंडी बोलावू या, असं बायकोने सुचवून पाहिलं. पण जावईबापूंना सासूबाईंना एकदाच काय ते दाखवून द्यायचं होतं. मागे सासूबाईंच्या घरी जावईबापूंनी पडद्याचा दांडा कापला होता आणि तो वीतभर आखूड पडला होता. तेव्हापासून सासूबाई पाहुण्यांना घर दाखवताना ती खिडकी आधी दाखवत.

फोडाफोडीची कटकट नको म्हणून नवी फरशी जुनीवरच बसवली. बसली मात्र सुरेख. जमीन तेवढी दोन बोटं वर आली आणि आत उघडणारं दार अडायला लागलं. दार उतरवून खालून तासलं, ते जोशाच्या भरात जरा जास्तच तासलं गेलं. मग कमोड ठेवून पाहिला, तर खालचा पाइप आता खोल गेलेला. लांब पाइप आणला, तो नेमका जास्त लांब निघाला.

"मग कापा ना," बायको म्हणाली.

"नाही. आता मी काहीही कापणार नाही."

पाइप खाली जात नाही म्हटल्यावर कमोड वर घेणं आलं. विटांचा एक थर, त्यावर सिमेंट, त्यावर उरलेली फरशी, असा टुमदार चौथरा उभा राहिला आणि कमोड त्यावर विराजमान झाला. हलत नव्हता, गळत नव्हता. बायको बसून पाहायला गेली, तर तिचे पाय अधांतरी.

"अहो, आई काय म्हणेल?" तिने वरूनच विचारलं.  तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

प्रवासाने अवघडलेल्या सासूबाई काठी टेकत थेट बाथरूममध्ये गेल्या. दार लागलं. जावईबापूंनी मनातल्या मनात पुढच्या दहा वर्षांचे टोमणे ऐकून घेतले.

दार उघडलं. सासूबाईंचे डोळे पाणावले होते.

"जावईबापू, डॉक्टरांनी उंचावर बसायला सांगितलंय, गुडघा फार वाकवायचा नाही म्हणून. तुम्हाला त्रास नको म्हणून मी बोलले नव्हते. तुम्हाला कसं हो कळलं?"

जावईबापूंना भरून आलं. "अंदाज होता," ते नम्रपणे म्हणाले. बायकोने घाईघाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या आनंदातच जावईबापू थोड्या वेळाने चौथरा चढले. पाय हलवत निवांत बसले असताना बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. त्या आपल्या मुलाशी फोनवर बोलत होत्या.

"मला न्यायला येऊ नकोस रे. तुझ्याकडचा कमोड फार बुटका आहे. मी आता इथेच राहते, कायमची."

शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. दार खालून चांगलं चार बोटं आखूड होतं.