साधना बाईंना चावलेल्या मधमाश्या

साधना बाई सकाळी उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा टम्म सुजला होता. गाल लालभडक, डावा डोळा जवळजवळ मिटलेला. आदल्या संध्याकाळी त्यांनी सुरकुत्या घालवणारं कोलॅजेनचं क्रीम पहिल्यांदाच लावलं होतं. दोन हजार तीन साली इंदिरानगरात त्याची भारी चलती होती. पार्लरवाल्या लताबाईंनी मटकीच्या दाण्याएवढंच लावा म्हणून बजावलं होतं. पण शाळेत एका पालकाने "आजी, चौथीच्या बाई कुठे बसतात?" असं खुद्द चौथीच्या बाईंना, म्हणजे साधना बाईंनाच विचारलं होतं. ते आठवून बाईंनी अर्धी डबी फासली.

त्या दिवशी चौथीची परीक्षा, म्हणजे रजा अशक्य. पदर डोक्यावरून ओढून बाई शाळेत पोचल्या. हेडसरांनी फाटकातच अडवलं.

"अहो, हे काय झालं?"

"मधमाश्या चावल्या," बाईंच्या तोंडून निघून गेलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने क्रीम फासलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"कुठे?"

समोर मैदानातलं चिंचेचं झाड दिसलं. "तिथे."

"तिथे? अहो, मुलं खेळतात त्याच्याखाली!"

पाच मिनिटांत घंटा झाली. परीक्षा पुढे ढकलली आणि मुलं बाईंचा जयजयकार करत घरी पळाली. अग्निशमन दलाने दुपारनंतर येतो म्हणून कळवलं. "जाऊ द्या ना सर, एकच होती हो," म्हणत बाई हेडसरांच्या मागेमागे फिरत होत्या, तोवर शिपाई सावळीराम धुरासाठी गोणपाट पेटवून झाडावर चढलासुद्धा. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस.

"सावळीराम, खाली या! काही नाहीये तिथे!"

"भिऊ नका बाई! आमच्या पेठकडच्या रानात मधाची लय पोळी काढलीत म्या!"

पुढच्याच क्षणी वरून किंकाळी आली. पोळं होतं. चांगलं ताटाएवढं.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सावळीरामला घरी पाठवलं. संध्याकाळी बाई त्याच्या खोलीवर गेल्या. तो खाटेवर पडला होता, बायको मैना वारा घालत होती. बाईंची नजर फरशीवरून उठेना.

"सावळीराम, मला माशी चावलीच नव्हती. मी सुरकुत्यांचं क्रीम लावलं होतं. खोटं बोलले, आणि भोगलंत तुम्ही..."

सावळीरामने पडल्यापडल्याच हात हलवला. "जाऊ द्या बाई. पोळं तर खरं निघालं ना? उद्या एखादं पोरगं चढलं असतं."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं बाईंना झालं. त्या उठल्या, तेव्हा मैना पंखा थांबवून नवऱ्याकडेच बघत होती. सुजेने त्याच्या कपाळावरची, गालावरची एकूण एक सुरकुती पुसून टाकली होती.

"बाई, लग्नात अस्सेच दिसत व्हते हे," ती लाजत म्हणाली. "किती दिस राहील हो सूज?"

"दोन दिवस," बाई पुटपुटल्या.

मैनाचा चेहरा पडला. "दोनच?"