ठेंगी खारीची शेपटी आणि चुंबकीय अध्यक्ष

एका जंगलात, बाळांनो, मधल्या भागात काहीच पुढे सरकत नसे. तिथले प्राणी आळशी होते असं मुळीच नाही. दिवसभर फिरत, पण आपापल्या झाडाभोवती. त्यांच्याकडे निरोप दिला, तर तो गोल फिरून त्याच झाडापाशी येई.

जंगल चाले ते कडेमुळे. कडेने खारी निरोप घेऊन धावत. उजवीकडे शेपटी वळलेली खार पूर्वेला जाई, डावीकडे वळलेली पश्चिमेला. जशी शेपटी तसे पाय. म्हणून मध्येच माघारी फिरणं कुणाला जमतच नसे. वाटेत धोंडा आला, तर वळसा घालून पुढे.

एकदा पूर्वेच्या टोकाला ठेंगी खारीच्या बहिणीचं पिल्लू तापाने फणफणलं. ठेंगी तोंडात गुळवेलीची काडी धरून निघाली.

मधल्या भागात खळबळ उडाली.

"आम्हाला न विचारता इतकं सरळ जायचं म्हणजे काय?" रानडुक्कर गुरगुरलं. त्याने कडेवर दगड टाकले. ठेंगी वळसा घालून पुढे. काटे पसरले. ठेंगी वळसा घालून पुढे.

मग जंगलाचे अध्यक्ष अस्वलराव उठले. त्यांचं व्यक्तिमत्त्व चुंबकीय होतं. तसं ते स्वतःच सांगत.

"डुकरा, दगड काय टाकतोस? आपली काही संस्कृती आहे की नाही? मंडप टाक!"

ऐन कडेवर मंडप उभा राहिला.

"या, या, ठेंगीताई! दोनच मिनिटं. आपला सत्कार आहे."

"अहो, पिल्लू तापलंय तिकडे..."

"त्या धावपळीबद्दलच तर सत्कार!"

शाल आली, नारळ आला. शेपटी आड येत होती, म्हणून अध्यक्षांनी ती मायेने डावीकडे वळवली. "आता दोन शब्द बोला." बोलायचं तर तोंडातली काडी काढायला हवी. ती अध्यक्षांनी धरली आणि भाषण ऐकता ऐकता चघळून टाकली.

ठेंगी नारळ कवटाळून जीव खाऊन धावत सुटली. शेपटी डावीकडे, म्हणून पाय पश्चिमेला.

"अगं, तू पूर्वेला निघाली होतीस ना?" समोरून येणाऱ्या खारीने विचारलं.

"तिकडेच तर चाललेय," ठेंगी धापा टाकत म्हणाली. "आणि जरा नीट आवरून जा. पुढे तुझाही सत्कार आहे."

पूर्वेच्या टोकाला पिल्लू अजून कण्हतंय. मंडपाला मात्र मुदतवाढ मिळालीय.

तात्पर्य: जिद्दीने धावणाऱ्याला कोणताही धोंडा अडवू शकत नाही, हे अगदी खरं आहे. म्हणूनच सुसंस्कृत जंगलात धोंडे टाकत नाहीत, शाल पांघरवतात.