काकूंचा फ्रेंच हेर

सबनीस काका कोथिंबीर आणायलासुद्धा पाठलाग चुकवत जातात. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं आमचं इंडियन ग्रोसरी सरळ रस्त्यावर पाच मिनिटांवर आहे. काकांना पंचवीस लागतात. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये एक फेरी, बँकेमागून यू-टर्न, मग आरशात बघून "क्लीअर!" मी त्यांचा शेजारी, एकदा सोबत गेलो होतो. मागे कुणीच नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटत असावं.

वय अठ्ठ्याहत्तर. हयात गेली गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात. जूनमध्येही अंगात लांब रेनकोट आणि डोक्यावर हॅट. मंडळाच्या जेवणात भिंतीला पाठ लावून बसतात. कुणी "काका, बासुंदी?" विचारलं की डोळे बारीक करून म्हणतात, "कोणी पाठवली?" आणि मग दोन वाट्या घेतात.

हे सगळं जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फ्रेंच हेरपटांचं वेड. दर शनिवारी दुपारी काका आणि सुमनकाकू एक लावायचेच. काकांना फ्रेंचचं अक्षर कळत नाही, असं ते स्वतःच सांगायचे. काकूंनी म्हणे कॉलेजात फ्रेंच घेतलेलं. हेर बोलला की काकू मराठीत सांगायच्या. सबटायटल्सना घरात बंदी. "बायको असताना छापील कशाला?"

काकू गेल्या. वर्षश्राद्ध जवळ आलं तसे काका माझ्याकडे आले. "भजन नको. तिचा लाडका सिनेमा लावायचा. डायलॉग मी बोलणार, ती सांगायची तस्से. लोकांना तिचं ऐकू आलं पाहिजे. प्रोजेक्टर तुझ्याकडे."

महिनाभर त्यांच्या बेसमेंटमधून रिहर्सल ऐकू येत होती.

त्या दिवशी काकांच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली. पडद्यावर हेराने एकाच्या मानेवर पिस्तूल टेकवलं आणि काका प्रेमाने म्हणाले, "जेवलास का रे? किती वाळलायस!" लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांची अमेरिकन सून तर पार गोंधळली होती. तिला कळावं म्हणून मी, उपद्व्यापी माणूस, रिमोट उचलून इंग्रजी सबटायटल्स लावली.

पडद्यावर उमटलं: मायक्रोफिल्म दे, नाहीतर मरशील. काका म्हणाले, "मोजे काढल्याशिवाय सोफ्यावर पाय ठेवायचे नाहीत."

हॉलमध्ये हशा फुटला. "अरे यार, काकूंनी आयुष्यभर काकांना टोटली फूल केलं!" कुणीतरी ओरडलं. मी धडपडत सिनेमाच बंद केला. काका हॅट हातात घेऊन नुसते उभे होते. ज्या बाईचा आवाज ऐकवायला त्यांनी एवढा खटाटोप केला, तिचंच मी हसं करून ठेवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं उरकून सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. "काका, सॉरी. तुम्हाला हे असं कळायला नको होतं."

"मला? अरे, तिला सरप्राइज द्यायचं म्हणून मी लायब्ररीतला फ्रेंचचा क्लास केला होता. तेव्हा मुलगा शाळेत होता. थोडं समजायला लागलं आणि कळलं, बाईसाहेबांना फ्रेंचचा गंध नाही."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर ती सांगायची थांबली असती ना." काकांनी हॅट खुर्चीवर ठेवली. "हसले ते ठीक आहे. पण उद्या कुणी तिला खोटारडी म्हणालं, तर माझ्याशी गाठ आहे. शेवट राहिलाय, लाव. आणि ती अक्षरं बंद कर."

आम्ही दोघेच बसलो. धुक्यात गोळी सुटली. नायिका स्टेशनच्या पायऱ्यांवर कोसळली. हेर गुडघ्यांवर बसून तिचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटला. मला भरून आलं.

"काही नाही रे," काका म्हणाले. "तो म्हणतोय, दमलीय ती. जरा पडू दे. उठली की चहा टाकेल."

इतका वेळ न हललेला त्यांचा आवाज या वाक्याला मात्र हलला.