दाबून भरलेलं घनफळ

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण स्वतःचं तोंड बंद ठेवायला तरी मी कुठे शिकले? त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सूनबाई ऑफिसला निघता निघता नातीला दम देत होती, "उद्या घनफळाच्या चाचणीत नापास झालीस, तर सगळे सहलीला जातील आणि तू शाळेत बसून पुन्हा पेपर देशील. बाईंनी बजावलंय." पोरीचे डोळे भरून आले आणि मी बोलून गेले, "माझ्यावर सोड."

(घनफळ म्हणजे काय, ते आधी विचारायचं राहूनच गेलं.)

सून जिना उतरल्यावर विचारलं. नात म्हणाली, "पेटीच्या आत किती मावतं ते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची."

"एवढंच? अगं, ट्रंका भरण्यात जन्म गेला माझा!"

संध्याकाळी पलंगाखालची माझी पत्र्याची ट्रंक ओढून बाहेरच्या खोलीत आणली. पुस्तकात म्हणे इवलेइवले ठोकळे भरून दाखवले होते. आमच्याकडे ठोकळे कुठले? सोफ्यावरच्या जाड चौकोनी उशा होत्या. पोरीने तळाशी लांबीत तीन आणि रुंदीत दोन मांडल्या.

"एका थरात सहा. थर दोन. म्हणजे बारा!" तिने टाळी पिटली. "आजी, जमलं मला!"

तिथेच थांबले असते तर सांगायला काही उरलंच नसतं. पण ट्रंकेत फट दिसली की माझे हात शिवशिवतात.

"अजून तीन सहज जातील," मी म्हटलं.

"पण उत्तर बारा आहे."

"उत्तर असेल बारा. उशा पंधरा आहेत. हं, कोपऱ्यात कोंब. गुडघा दे वरून!"

गेल्या पंधराही. झाकण मात्र लागेना. कडी केव्हाच तुटलेली, म्हणून कडीच्या जागी मी बसले. "बघ, घनफळ पंधरा!"

पोरगी गोंधळली. "म्हणजे दाबलं की वाढतं?"

"दाबणाऱ्यावर असतं ते," मी थाटात सांगितलं.

तेवढ्यात दार उघडलं. सून, आणि तिच्यामागे तिच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम. सून चहा ठेवायला आत पळाली. मॅडम सोफ्यावर टेकल्या आणि फळीचा ठक्कन आवाज झाला.

"छान... मजबूत आहे सोफा," त्या कळ दाबत म्हणाल्या.

सून ट्रे घेऊन बाहेर आली. "आई, उशा कुठे गेल्या?"

"कुठे जातायत? घरातच आहेत."

"आणि तुम्ही ट्रंकेवर का? नीट खुर्चीवर बसा ना."

"मी इथेच बरी."

"मम्मी, आजीला उठवू नकोस," नात कळवळून म्हणाली, "घनफळ बाहेर येईल."

मॅडमना काही कळेना. बिचाऱ्या नमस्काराला माझ्या पायाशी वाकल्या आणि मी सवयीने उठून उभी राहिले. झाकण धाडकन उडालं. एक उशी मॅडमच्या पाठीत, एक थेट चहाच्या ट्रेवर. बाकीच्या सावकाश फुगत बसल्या.

सून माझ्याशी मोजकंच बोलू लागली. ते सोडा. मला घोर होता पोरीचा. पेपरात ती दाबून उत्तर लिहून आली, तर तिची सहल मी बुडवणार!

पण पास झाली पोरगी. पेटीत किती ठोकळे मावतील, ते अचूक लिहिलेलं. खाली मात्र एक ओळ जास्तीची: 'आजीने भरले तर उत्तर बदलेल.' बाईंनी त्या ओळीचा अर्धा गुण कापला होता.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी तिची बॅग काही केल्या बंद होईना. मी पदर खोचून पुढे झाले. शेवटी माझ्याच विद्येचं काम निघालं ना!

"सरक बाजूला," मी म्हटलं, "मी भरते."

"भरायचं मी बघते, आजी," तिने माझा हात धरून मला बॅगेवर टेकवलं. "तू फक्त बस."