छोट्या डॉक्टरबाईंची रजा

आमच्या शिकाऊ डॉक्टरांच्या तुकडीत नोकरीचं करारपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मी एकटीच, हे आधीच सांगून ठेवते. बाकीचे डोळे मिटून सही करतात आणि मग वर्षभर कुरकुरतात. मी वाचलं, म्हणून तर मला ठाऊक होतं की या दवाखान्यातली रजा इथेच संपवली नाही तर बुडते. माझ्या रजेचे दोन दिवस शिल्लक होते. त्यात नवरा जहाजावर नोकरीला. नेमका त्याच आठवड्यात घरी आला होता आणि लगेच परत जायचा होता. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एक दिवस निवांत बसलो असू तर शपथ.

"पेशंट कोण बघणार?" आमचे मोठे डॉक्टर म्हणाले.

मी कलम वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. मी ऐटीत काउंटरवरच्या मावशींना सांगितलं, "उद्यापासून मी रजेवर. तेवढं फळ्यावर लिहा."

मावशींचं अक्षर सुरेख आहे, पण साधं वाक्य लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

सकाळी आम्ही दोघं बाल्कनीत पाय पसरून बसतो न बसतो तोच मोठ्या डॉक्टरांचा फोन.

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो. का?"

"नाही, इथे लोक रडताहेत."

मावशींनी फळ्याला वेलबुट्टी काढून मधोमध लिहिलं होतं: 'आपल्या लाडक्या छोट्या डॉक्टरबाईंनी आज सकाळी सर्वांची रजा घेतली.'

"मी सांगतोय, बाई सुट्टीवर आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले, "तर उलट मलाच म्हणतात, डॉक्टर, मन घट्ट करा. जरा चेहरा दाखवून जाता का?"

आम्ही गेलो. दारातच गुडघेदुखीवाले आजोबा मला पाहून मटकन बाकावर बसले. हे आजोबा एरवी माझ्या गोळ्यांना खडू म्हणायचे. आता त्यांचे डोळे लाल झाले होते. मला एकदम भरून आलं.

"आजोबा, अहो मी आहे."

"दिसतंय," ते नाक पुसत म्हणाले. "मग आलाच आहात तर गुडघा बघा."

त्यांच्यामागे रांगच लागली. दुःख करायला आलेल्या प्रत्येकाचं काही ना काही दुखत होतं. बाहेर फळा तसाच राहिला होता. उशिरा आलेल्या एका काकूंनी तो वाचला आणि बाकावर बसलेल्या माझ्या नवऱ्याचं सांत्वन सुरू केलं. आधी त्याचं वय विचारलं, मग पगार, आणि "पुढचं आयुष्य काढायचंय हो" म्हणत भाचीचा फोटो दाखवला. मी आतून बाहेर आले तेव्हा काकूंनी फोटो पर्समध्ये टाकला, पण जरा नाइलाजानंच.

संध्याकाळी निघताना मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "रजेत बोलावलं तर तो दिवस परत मिळतो. कलम आहे."

"बोलावलं कुठे? मी तर विनंती केली."

म्हणजे आता त्यांनीही करारपत्र वाचलं होतं.

मावशी फळा पुसून खालमानेनं उभ्या होत्या. "आता काय लिहू, बाई?"

मला त्यांची दया आली. "अलंकार नकोत, मावशी. सरळ लिहा: मोठ्या डॉक्टरांनी छोट्या डॉक्टरबाईंना रजा दिली आहे."

दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन. मोठे डॉक्टर कुजबुजत होते. "मी तुम्हाला नोकरीवरून काढलं असं सगळ्यांना वाटतंय. गुडघेदुखीवाले आजोबा माझ्या खुर्चीत बसलेत. तुम्हाला परत घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणतात."

मावशींवर चिडायची सोय नव्हती. वाक्य माझं होतं.

"ही विनंती आहे का?" मी विचारलं.

"बोलावणं आहे. लेखी देतो. पण लवकर या."

नवऱ्यानं शर्ट चढवला.

तो दिवस मला कराराप्रमाणे परत मिळाला. फक्त मिळाला तेव्हा जहाज सुटून गेलं होतं. नवऱ्याबद्दल करारपत्रात काहीच नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं.